विहिणीच्या हातातला शेपटा

पोहण्याच्या शर्यतीला जाताना मी अंगाला तेल लावून गेले होते. थोडंथोडकं नाही. नरक चतुर्दशीला लावतात तसं, कोमट करून, मानेपासून टाचेपर्यंत, अगदी कोपराच्या खोबणीतसुद्धा. गार पाण्यात लांब पोहणारे लोक अंगाला काहीतरी चोपडतात, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. काय चोपडतात, किती, आणि कुणी चोपडावं, हे विचारायची मला गरज वाटली नाही. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होते आणि मला सगळं येत होतं. आज त्या बाईकडे पाहते, तेव्हा तिला आधी पंच्यानं खसाखसा पुसून काढावं आणि मग पाठीत दोन धपाटे घालावेत असं वाटतं.

हा तेलकट शहाणपणा मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितला नव्हता. आमच्या प्रयागबाई होत्या तोवर त्याची गरजच नव्हती. ते काम त्या माझ्यादेखत, भरल्या पाहुण्यांत, पदर तोंडाला लावून करायच्या. गेल्या महिन्यात त्या गेल्या. सकाळी आरशासमोर बसून मी वेणी घालत होते आणि फोन वाजला. स्वातीचा, म्हणजे माझ्या सुनेचा. प्रयागबाई तिची आई, माझ्या विहीणबाई. फोन घ्यायला मी हातातला एक पेड सोडला. "आई," ती म्हणाली, "आई गेली." त्या वाक्यातली पहिली आई मी होते... एवढं कळायलाही मला जरा वेळ लागला. फोन ठेवला तेव्हा वेणी आपोआप उलगडून गेली होती, आणि मला एकाएकी भीती वाटली. दुःख नंतर आलं. आधी भीतीच आली, जुनी, ओळखीची, नाकात पाणी गेल्यावर येते तशी.

ती ओळख कुठली, ते सांगायचं तर मागं जावं लागेल. प्रयागबाईंची शेती शेंद्र्याला. निम्मी जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, उरलेल्या निम्मीत मोसंबीची बाग आणि एक शेततळं. आमचं घर शहरात, गारखेड्यात. आमच्याकडे भिक्षुकी आणि कारकुनी यांपलीकडे कुणी अंगाला घाम येऊ दिलेला नाही. निखिलनं, माझ्या मुलानं, स्वातीशी लग्न ठरवलं तेव्हा मी दोन दिवस अन्नत्याग केला होता. स्वयंपाकघरात कुणी नसताना दाण्याचे लाडू खात होते, ते वेगळं. लग्न झालं आणि प्रयागबाईंनी मुलीच्या आईचं वागणं असं काटेकोर सांभाळलं, की मलाच ओशाळल्यासारखं व्हावं. मी उभी असेन तर त्या बसायच्या नाहीत. माझं ताट वाढल्याशिवाय आपलं घ्यायच्या नाहीत. बोलणं सगळं 'अहो-जाहो', आणि माझ्या अंगाला त्यांचं बोट लागायचं ते फक्त हळदीकुंकवापुरतं. मला ते आवडत होतं, हेही लिहून टाकते.

शर्यतीच्या वर्षी पाऊस आलाच नव्हता, आणि त्याच्या आदल्या वर्षीही जेमतेमच. आमच्या गल्लीत टँकर आला की सगळे हातातली कामं टाकून पळायचे. शहर मात्र वाढतच होतं. काल जिथं उघडा माळ होता तिथं आज बारा मजले. गच्चीवर भलीमोठी टाकी आणि टाकीत पाणी नाही. अशा दिवसांत एका रविवारी जेवताना स्वातीनं बातमी आणली, की ती नोकरीला होती त्या कारखान्यातली सायकल चालवणारी मंडळी नवशिक्यांसाठी छोटी ट्रायथलॉन घेताहेत. आधी पोहायचं, तसंच ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, ती टाकून पळायचं, मधे दम खायला बसायचं नाही. पोहण्याचा तलाव दुष्काळामुळं बंद, धरणात चिखल. म्हणून मंडळी पाणी शोधत शोधत शेंद्र्याला स्वातीच्या काकांकडे गेली होती, आणि काकांनी घरचं शेततळं देऊ केलं होतं.

"ट्रायतलाव म्हणजे तलावात ट्राय करायचं का?" प्रयागबाईंनी विचारलं. त्या त्या दिवशी आमच्याकडे होत्या. "मंग मला येतंय की. विहिरीत पडूनच वाढले मी. सायकलबी येती. आन् पळायचं काय, जलमभर गुरामागं पळले."

सगळे कौतुकानं हसले. निखिल तर टाळ्या वाजवायला लागला. माझा मुलगा, माझ्या ताटातली कोशिंबीर खाऊन, विहिणीसाठी टाळ्या वाजवतो... "मलाही येतं पोहता," मी म्हणाले. ह्यांचा घास तोंडातच थांबला. पैठणला नदीत एकदा गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून मी तीन वेळा नाक दाबलं होतं. तेवढं मी पोहण्यात धरलं, आणि आम्हा दोघींची नावं शर्यतीत गेली.

आता माझ्या भीतीविषयी. मी सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत केली, आणि त्यातली बरीच वर्षं मृत्यूचे दावे तपासण्यात. दर उन्हाळ्यात शेततळ्याची एकदोन प्रकरणं यायचीच. शेततळ्याला तळापासून काठापर्यंत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं, आणि पट्टीचा पोहणारासुद्धा एकदा आत घसरला की त्या कागदावरून वर येऊ शकत नाही. नखं रोवायला जागाच नसते. पंचनाम्यात ते एका ओळीत लिहिलेलं असायचं. मी ती ओळ वाचून शिक्का मारायची आणि चहाला जायची. प्रयागबाईंच्या शेततळ्याच्या काठावर मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा तशा सगळ्या ओळी मला एकदम पाठ म्हणता आल्या असत्या. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेले होते. मी दोरच मोजत बसले.

खोटं बोलले हे प्रयागबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं, आणि कुणालाही सांगितलं नाही. त्यांनी मला पोहायला शिकवायला घेतलं. पण अडचण अशी, की मुलाच्या आईला हात कसा लावायचा, आणि ओरडायचं तरी कसं? त्यामुळं माझं शिक्षण जगात कुणाचं झालं नसेल इतक्या अदबीनं झालं. त्या माझ्यापासून हातभर लांब पाण्यात तरंगायच्या आणि म्हणायच्या, "विहीणबाई, हनवटी जरा वर घेता का?" मी नाकातोंडात पाणी जाऊन ठसकत असायची. "घाई नाय. पर पाय हलवलं तर बरं व्हईल." कमरेला मोकळा डबा बांधलेला, दोन्ही हात दोरावर, आणि दर रविवारी तीच गोष्ट. दोरावरचा एक हात सोडायला मला दोन महिने लागले. एकदा मी म्हणाले, "प्रयागबाई, लोकांना प्यायला पाणी नाही आणि आपण ह्यात डुंबतोय, बरं दिसतं का?" खरं म्हणजे मला सुटका हवी होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "पोहून पाणी कमी होत नाय, विहीणबाई. तुम्ही भिऊन गिळायलात, तेवढंच काय ते."

त्यांना काहीच भीती वाटत नाही, असं मी धरून चालले होते. मग आमचा सायकलचा सराव सुरू झाला आणि मजा कळली. लहानपणी भावाच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून त्या शिकल्या होत्या. चढता येत होतं, चालवता येत होतं, उतरता येत नव्हतं. उतरायचं म्हणजे एखादं बाभळीचं झाड बघायचं आणि त्याला जाऊन भिडायचं. मोठ्या रस्त्यावर मागून टँकर आला की त्यांचे खांदे कानापर्यंत वर जायचे. "मागून येतं ते दिसत नाय," त्या म्हणाल्या. "पाण्यात निदान जे हाय ते समोर असतं." मी कॉलेजला रोज सायकलनं गेलेली. मी त्यांना उतरायला शिकवलं, आणि ते शिकवताना त्यांच्यावर भरपूर ओरडले. मुलाच्या आईला ओरडायची मुभा असते.

शर्यतीच्या पहाटे थंडी होती. मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि वर सांगितलेला तेलाचा कार्यक्रम उरकला. रात्रभर झोप नव्हती. पंचनाम्यातली ती ओळ डोळ्यांसमोर येत होती आणि तिच्यात माझं नाव, वय, राहणार गारखेडा असं नीट भरलेलं दिसत होतं. तळ्यावर पोचले तर प्रयागबाईंनी नाक फेंदारलं. "वास कसला यायलाय? शेव तळायला टाकलीय का कुणी?" दंडावर नंबर लिहायला एक जण पेन घेऊन आला. शाई लागेना. त्यानं पेन झटकलं, बदललं, माझ्या दंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सभ्य माणूस असावा, मुकाट्यानं नंबर माझ्या टोपीवर लिहिला. त्या रबरी टोपीत माझे केस मावत नव्हते. त्या वयात माझा शेपटा कमरेखाली येत होता आणि त्याचा मला मोठा गर्व होता. तो टोपीतून मागं तसाच लोंबत ठेवला.

काठाकाठानं चार फेऱ्या मारायच्या होत्या. मी सगळ्यांच्या शेवटी उतरले. पहिली फेरी एकेका दोराला कोपर अडकवत पार पडली, तशी परवानगी होती. दुसऱ्या फेरीत मागून येणाऱ्या कुणाचा तरी पाय माझ्या कुशीत बसला आणि मी काठापासून आत सरकले, फार नाही, हातभरच. ते हातभर अंतर मला अजून स्वप्नात दिसतं. डोळ्यांवरचा चष्मा तेलावरून घसरून तोंडावर आला. मी दोराला हात घातला आणि दोर हातातून सुळकन गेला. पुन्हा घातला, पुन्हा गेला. कागदाला हात लावला, तिथं शेवाळ. पाय खाली सोडले, तर खाली काहीच नव्हतं. ट्यूब घेऊन पाण्यात थांबलेले एक दणकट दंतवैद्य माझ्याकडे आले, त्यांनी मनगट धरलं, ते निसटलं. दंड धरला, तो निसटला. त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं, की ह्या माणसालाही आता भीती वाटते आहे. तेव्हा मी ओरडायला तोंड उघडलं आणि तोंडात पाणी आलं... आवाज सगळे एकदम बंद झाले. हिरवट काळोख होता, आणि इतकं साधं, इतकं लवकर असेल हे, असं काहीतरी मनात आलं.

मग टाळूला असा हिसडा बसला, की डोळ्यांपुढं काजवे चमकले. कुणीतरी माझा शेपटा मुठीला गुंडाळून मला मागं खेचत होतं. माझं तोंड आभाळाकडे झालं, हवा आत आली, आणि कानाशी आवाज आला, "ए बये, पाय मार. मार की गं पाय. मरतीस का आता?"

प्रयागबाईंच्या फेऱ्या केव्हाच संपल्या होत्या. पण वर यायचं सोडून त्या दोराला धरून पाण्यातच थांबल्या होत्या, पायाला गोळा आला म्हणून. गोळाबिळा काही नव्हता. त्यांनी मला शेपटीला धरून म्हैस काढावी तशी काठाला आणली, दोघातिघांनी वर ओढलं. काठावर आमची सगळी सोयरिक उभी होती. हे, निखिल, स्वाती, तिचे काका-काकू. त्यांतली माझी नणंद पुटपुटली, "अगं बाई, मुलाच्या आईच्या झिंज्या धरल्या." तेव्हा मला दिसलं, की प्रयागबाईंची मूठ अजून सुटलेली नाही. बोटं पांढरी पडली होती. मी सोडवायला गेले तर सुटेना. "सुटंना झालीय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "जरा थांबा. आपसूक सुटंल." आम्ही दोघी ओल्याचिंब तशाच बसून राहिलो. माझ्या केसांना धरून त्या कापत होत्या आणि त्यांच्या हातामुळं माझं डोकं कापत होतं.

हे म्हणाले, "चला आता घरी." मला तेच हवं होतं. मी मान हलवणार, तोच प्रयागबाई म्हणाल्या, "घरी गेलात तर पुन्हा पाण्याकडं बघणार नाय तुम्ही. बादलीतल्याबी." हे खरं होतं. मला त्या क्षणी न्हाणीघराचीसुद्धा धास्ती वाटत होती. पण परत त्या काळ्या कागदावरून खाली उतरायचं, ह्या विचारानं मी तिथंच बांधावर ओकले. त्यांनी माझं तोंड धुतलं. मग बांधावरची कोरडी माती ओंजळीत घेतली आणि माझे हात घासायला लागल्या. खरकटी कढई घासावी तसं. दंड, मनगटं, तळवे, बोटांच्या बेचक्या. आता विचारणं नाही, अदब नाही. "तेल लावून पवायला कोण येतं? कोण येतं, सांग. लोणच्याची फोड हाईस का तू?" त्या घासत होत्या, बोलत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी काढत होत्या. "माझ्या घरच्या तळ्यात तू बुडाली असतीस, तर माझ्या लेकीनं त्या घरात कसं नांदायचं?" मी म्हणाले, "म्हणजे लेकीसाठी वाचवलं होय?" त्या म्हणाल्या, "न्हाय तर काय, तुझ्यासाठी?" आणि मग आम्ही दोघी रडता रडता हसलो. पण भीती काही गेली नाही, हे सांगायला हवं. लोक लिहितात तसं मला काही धैर्यबिर्य आलं नाही. फक्त माझ्या हातांना माती लागली होती आणि दोर पकडता येत होता. मी दातावर दात आपटत खाली उतरले. प्रयागबाई माझ्या मागं, शेपट्याच्या अंतरावर. उरलेल्या फेऱ्या आम्ही अशा केल्या, की बेडूकसुद्धा लाजला असता.

सायकल मी त्यांच्या उजव्या बाजूनं चालवली, टँकर आणि त्यांच्यामध्ये. त्यांचे खांदे कानापर्यंत वरच होते. वसाहतीतल्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवरून, कारखान्यांच्या बंद फाटकांवरून. एका ठिकाणी त्या म्हणाल्या, "हितं आमची ज्वारी व्हती," आणि पायडल मारत राहिल्या. पळणं आम्ही चालतच केलं. परत पोचलो तेव्हा मांडव उतरवत होते. शेवटची फीत गुंडाळून झाली होती, केळ्यांची सालं उरली होती. पाण्यात दुसऱ्याची मदत घेतली, म्हणून आमची नोंदही केली नव्हती. स्वातीनं आपली ओढणी सोडली, एक टोक निखिलच्या हातात दिलं, आणि आम्ही दोघी तिच्याखालून वाकून गेलो, कारण त्यांनी ती फारच खाली धरली होती.

त्यानंतर त्या पुन्हा 'अहो-जाहो'वर आल्या. माझं ताट वाढल्याशिवाय जेवायच्या नाहीत. पण नात झाली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत, कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्यांनी माझा शेपटा हळूच ओढला. मी वळले तर त्या पाळण्याकडे बघत उभ्या. पुढं तो आमचा खेळच झाला. लग्नाच्या पंगतीत, देवळाच्या रांगेत, फर्दापूरला सगळे लेणी बघायला गेलो तेव्हा भर पायऱ्यांवर. सगळ्यांसमोर एवढी अदब, आणि मागून एक हिसडा.

मग त्यांना तो आजार झाला. औषधांनी केस गेले. शेवटचं भेटले ते इस्पितळात. डोक्याला स्वातीचा मऊ रुमाल बांधलेला, नाकाला नळी. श्वास लागत होता. मी खुर्ची पलंगाशी ओढून बसले, तर त्या म्हणाल्या, "पाण्यात असल्यावानी व्हायलंय, विहीणबाई. खाली पाय लागंना." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या भीतीविषयी काढलेले हे पहिले शब्द, टँकर सोडून. माझा हात आपोआप त्यांच्या मानेमागं गेला, आणि तिथं धरायला काहीच नव्हतं... रुमालाची गाठ तेवढी. मी तशीच थांबले. मग मी माझी वेणी पुढं घेतली, आता ती उंदराच्या शेपटीएवढी उरली आहे, आणि तिचं टोक त्यांच्या मुठीत दिलं. त्यांनी मूठ मिटली. "पाय मार," मी कानाशी म्हणाले. "मार की गं." त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. चादरीखाली पावलंही हलली, की मला तसं वाटलं, कोण जाणे. डोळा लागला तरी मूठ सुटली नव्हती. मी मान वाकडी करून बसून राहिले, नर्सबाई येईपर्यंत.

नात आता मोठी झाली आहे. तिला माझी वेणी बघवत नाही. "आजी, काप ना ती. छान छोटे केस ठेव. त्यात आता आहे काय धरण्यासारखं?" असं ती परवा म्हणाली. बोलण्याच्या ओघात म्हणाली, तिला काही ठाऊक नाही. मी रोज सकाळी आरशासमोर बसते, तीन पेड घेते आणि घालते. अजून एखाद्या दिवशी घालता घालता ती फोनच्या वेळची भीती येते आणि पायाखालचं काही कमी झाल्यासारखं होतं. मग मी मानेमागं हात नेऊन स्वतःच एक हिसडा देऊन बघते. तसा लागत नाही.

शर्यतीच्या त्या संध्याकाळी, मांडव निघून गेल्यावर, आम्ही दोघी तळ्याच्या बांधावर बसलो होतो. माझी टाळू ठणकत होती. मी म्हणाले, "हा शेपटा फार अडचणीचा आहे, टोपीत मावत नाही. पुढच्या वेळेआधी कापूनच टाकते." प्रयागबाई पायांवरची वाळलेली माती नखानं खरवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "केस कापू नका, विहीणबाई. माणसाला धरायला कायतरी पाहिजे."